आखाजीचे पाहुणे आणि गिरणीतली मांजरं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आपल्या पुरवणीत सुट्टीला येणाऱ्या लहान लेकरांची काळजी कशी घ्यावी यावर अर्धं पान आलं होतं. ऊन लागलं तर काय करावं, विहिरीवर जाळी, विंचू चावल्यावर काय करू नये, कूलरला ओल्या हातानं शिवू नये, सगळं नीट लिहिलं होतं. कूलरचं लिहिलंत ते तर फारच बरं केलंत. पण शेवटी एक ओळ होती : घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे. दूर म्हणजे कुठे ठेवावे? माझ्या घरात पुढे पिठाची गिरणी, मागे दोन खोल्या आणि वर धाबं, म्हणजे सपाट छत. त्यात मी, वर्षाचं धान्य, तीन मांजरं, एक कूलर आणि आखाजीला आलेले लेक, जावई आणि अडीच वर्षांचा नातू. लिहिणाऱ्यानं आमच्याकडे येऊन दाखवावं दूर ठेवून.

मी अमळनेरात गिरणी चालवते. मालक होते तोवर मोटर आणि पट्टा ते बघायचे, काटा मी सांभाळायची. आता दोन्ही माझ्याकडे. गिरणी म्हटली की धान्य आलं, धान्य आलं की उंदीर आले, म्हणून मांजर. हौसेचा यात प्रश्नच नाही. गिऱ्हाइकाच्या डब्यात एक लेंडी निघाली की ते गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतल्या गिरणीवर जातं आणि परत येत नाही. माझ्या लेकीनं मला वाचून दाखवलं की जगात मांजर माणसाळलं तेही असंच. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवायला लागला, त्यावर उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं आली आणि मुक्कामाला राहिली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. म्हणजे ओळख तेवढी जुनी. पण कुत्र्याला माणसानं शिकवून कामाला लावलं, मांजर मात्र आपल्या पायांनी आलं आणि अजूनही आपल्या पायांनी आल्याशिवाय ते कुणाकडे येत नाही. पाहुण्या पोराचं आणि मांजराचं जे काही बिनसतं ते बहुतेक इथेच बिनसतं.

लेक येणार म्हटल्यावर समोरच्या जिजी आल्या. त्यांचा सल्ला दरवर्षीचाच. ‘मांजरेस्ले पोतामा भरीसन नदीपार सोडी दे. पोऱ्या गया का मंग दुसरी उनीच समज.’ बोरी नदीच्या पलीकडे सोडलेली मांजरं मी पाहिली आहेत. वैशाखात पात्रात पाण्याचा थेंब नसतो. गल्लीतल्या भाकरी-तुकड्यावर वाढलेलं जनावर तिथे काय खाणार आणि काय पिणार? मांजराचं घर म्हणजे नुसती माणसं नव्हेत. कुठल्या कोपऱ्यात ऊन येतं, कुठल्या भिंतीवरून उडी बसते, कोणाच्या ओट्यावर कुत्रं असतं, हे सगळं मिळून त्याचं घर असतं. आणि प्राण्यांना उपाशीतापाशी मरायला असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. जिजींना कायदा सांगून उपयोग नव्हता. ‘मग पोत्यातले उंदीर तुम्ही धरा,’ असं म्हटल्यावर त्या चहा पिऊन गेल्या.

दुसरं त्यांनी सांगितलं की मांजराचा केस पोरांच्या पोटात गेला की दमा लागतो. हे मी लहानपणापासून ऐकते. मांजराची ॲलर्जी असते हे खरं, तिनं शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि ज्याला आधीच दम्याची खोड आहे त्याचा दमा उसळतो. पण ती येते मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनामुळे. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिची धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. केस गिळण्याचा संबंध नाही. तेव्हा घरात कुणाला असा त्रास असेल तर गाद्यागिरद्यांवर मांजर येऊ देऊ नये आणि डॉक्टरांना विचारावं. माझ्या नातवाला तसलं काही नाही. त्याला फक्त जोर आहे.

आता मांजरांची ओळख करून देते, कारण तिघांनी तीन तऱ्हा केल्या आणि त्यातच सगळं आलं.

म्हातारी ही सगळ्यांत जुनी. तिची जागा दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, पोत्यांच्या थप्पीवर. भुऱ्या हा बोका. तो मोठा झाल्यावर कुठल्यातरी कापसाच्या जिनिंगकडून आमच्याकडे आला. माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तिसरी चिमी, म्हातारीचीच पोर. ती जन्मली गिरणीतल्या रिकाम्या कोठीत आणि डोळे उघडल्यापासून दळणाला येणाऱ्या बायकांच्या लेकरांनी तिला हाताळलं. मी ओरडायची, पण पोरं ऐकतात थोडीच. पुढे तेच कामी आलं. मांजराचं पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना ज्या ज्या जिवांना सरावतं, त्यांची त्याला जन्मभर भीती वाटत नाही. त्या दिवसांत ज्यानं माणसाचं पोर पाहिलंच नाही, त्याला मोठेपणी अडीच वर्षांचं पोर म्हणजे माणूसच वाटत नाही. बुटकं, वेडंवाकडं धावणारं, किंचाळणारं, वेगळ्याच वासाचं काहीतरी असतं ते.

त्यामुळे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मंडळी सकाळी उतरली आणि नातवानं उंबऱ्यातूनच ‘माऊऊ!’ म्हणून आरोळी ठोकली, तेव्हा भुऱ्या जो जिन्यानं धाब्यावर गेला तो अंधार पडेपर्यंत दिसला नाही. म्हातारी थप्पीवरच राहिली, पण पाय पोटाखाली घेऊन, कान मागे वळवून. चिमी मात्र आधी माठाच्या तिवईमागे गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि नातवाच्या बुटाला गाल घासू लागली. लेक म्हणाली, ‘बघ आई, लाड करते.’ लाड वगैरे नंतर. मांजराच्या गालाला वासाच्या ग्रंथी असतात. नवीन वस्तू घरात आली की त्यावर ते आपला वास लावून घेतं, म्हणजे वस्तू घरातली झाली. पावडर, डायपर, पुण्याचे कपडे, एवढे परके वास एकदम घरात आल्यावर तिला ते काम होतंच.

मला जास्त नवल वाटतं ते आवाजाचं. माझी मोटर दहा हॉर्सपॉवरची आहे. ती चालू असली की गिऱ्हाइकाला पैसे बोटांनी सांगावे लागतात. त्या घरघरीत म्हातारी पोट वर करून झोपते, पट्टा घसरून फटाफट वाजला तरी एक कान हलवते आणि परत झोपते. आणि हेच मांजर नातवाच्या एका किंचाळीनं थप्पीवरून उठतं. मोटरचा आवाज रोजचा, तो एकाच जागेवरून येतो आणि मोटर कधी कुणाच्या अंगावर धावून येत नाही. पोराचा आवाज कुठून येईल, केव्हा येईल, आणि त्यामागून काय येईल, याचा भरवसा नाही. शिवाय तो चिरका. माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६०,००० च्याही पुढचा. उंदराची बारीकशी चीं त्याला पोत्याआडून ऐकू येते ती यामुळेच. त्या कानांना अडीच वर्षांच्या पोराची किंचाळी कशी लागत असेल, बघा.

मांजर शिकारी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण ते स्वतःही कुणाची तरी शिकार असतं हे लक्षात राहत नाही. एवढंसं जनावर ते. कुत्रं, तरस, मोठा पक्षी, सगळ्यांपासून जीव वाचवून राहिलेलं. म्हणून घाबरलं की भांडायच्या आधी ते वाट बघतं : वर चढायची किंवा खाली लपायची. वाट असली तर शंभरातली नव्याण्णव भांडणं होतच नाहीत. वाट नसली की नखं.

आणि खानदेशात उन्हाळ्यात नेमकी वाटच बंद होते, हे पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांना कळणार नाही. पारा ४४-४५ ला गेलेला असतो. दुपारी धाब्यावर पाय ठेववत नाही, तिथे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळतात ते उगीच नाही. पत्र्याच्या खोलीत थांबवत नाही. घरात कूलर एकच, म्हणून सगळी माणसं एका खोलीत, दार लावून, पडदा ओला करून. पोराला झोपवायचं तेही कूलरसमोरच्या फरशीवर. मांजरही दुपारचं तिथेच येऊन पडणार, कारण गार फरशी तेवढीच आहे. बाहेर जावं तर दार बंद, वर जावं तर भाजतंय, खाली लपावं तर बाजेखाली पाहुण्यांच्या बॅगा. दिवाळीत हाच नातू आला होता, तेव्हा काहीच झालं नव्हतं. तेव्हा दारं उघडी होती.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मोरीजवळच्या कोनाड्यात ओलं गोणपाट टाकलं, वरच्या फळीवरचे डबे सरकवून तिथे एक जुनं पातळ अंथरलं आणि कूलरच्या खोलीचं दार वीतभर उघडं राहील असं खाली विटेचा तुकडा लावला. गार हवा थोडी बाहेर जाते, जाऊ दे. चिमी आणि म्हातारी दोघींनी जागा वाटून घेतल्या. पाण्याचं भांडंही त्यांच्या वाटेवर ठेवलं, नातवाच्या वाटेवर नाही. कारण त्याला त्यात हात बुडवायला आवडतो आणि मग मांजर ते पाणी पीत नाही.

तरीही ओरखडा निघालाच. कसा ते सांगते, कारण हे माझ्या एकटीच्या घरात होत नसणार.

आमचे जावईबापू स्वभावानं चांगले आहेत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ लागतो. दुपारी त्यांनी म्हातारीला फळीवरून उचललं आणि नातवाच्या मांडीवर ठेवलं. नातवानं तिला दोन्ही हातांनी गळ्याशी आवळलं. मोबाइल समोर. मी पापडाचं पीठ दळत होते, दारातून दिसत होतं. तिचे कान आडवे झाले. खिडकीतून लख्ख उजेड येत असताना डोळ्यांतल्या बाहुल्या काळ्या मोठ्या झाल्या, अंधारात होतात तशा. पाठीवरची कातडी एकदा शहारली, केसांतून लहर गेल्यासारखी. मग शेपटीचं टोक फरशीवर आपटायला लागलं, टप, टप, टप. आणि जावईबापू म्हणतात, ‘बघ कशी शेपटी हलवते, खूश झाली माऊ!’ शेपटी हलवून खूश होतो तो कुत्रा. मांजराची शेपटी अशी आपटायला लागली की हात सोडायचा, एवढंच. मोटर चालू, माझा आवाज पोचेना. मी पट्टा बंद करून धावले तोवर तिनं आधी फिस्स केलं, मग गुरगुरली आणि मग नातवाच्या मनगटावर एक फटका दिला. एकच. मांजर मनात आणतं तर चावतं, मागच्या पायांनी ओरबाडतं. तिनं तेवढं केलं नाही. फिस्स करणं, गुरगुरणं ही तिची सूचनाच होती, पण ती ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. व्हिडिओ चालू होता.

नातू रडला. लगेच घरात ठराव झाला : हे मांजर डेंजर आहे, याला घालवा. जावयाला आखाजीच्या दिवसांत सासू काय बोलणार? आमच्याकडे तशी रीत नाही. रस वाढते, सांजोरी वाढते आणि गप्प बसते. म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. ते तुमचं वर्तमानपत्र मोबाइलवर वाचतात.

तर ओरखड्याचं. मनगटावर लाल रेघ उठली होती, रक्त आलं नव्हतं. शेजारून कुणी हळद आणली, कुणी चुना, एकीनं तर तिखट लावा म्हणून सांगितलं. मी कुणाचं काही लावू दिलं नाही. नळाखाली हात धरून कपडे धुवायच्या साबणानं धुतला, चांगला पंधरा मिनिटं, नातू बोंबलत असताना. पंधरा मिनिटं फार वाटतात, पण पाण्यानं आणि साबणानंच रेबीजचे विषाणू जखमेवरून जातात. हळद-चुन्यानं जात नाहीत, उलट जखम चिडते. मग त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे रेबीजची लस फुकट मिळते. डॉक्टरांनी सांगितलं की नुसता ओरखडा असला तरी लस घ्यायची, आणि रक्त आलं असेल किंवा दात घुसला असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कार्ड दिलं, शेवटची सुई पुण्यात. मांजराला लस दिलेली आहे का हेही विचारलं. होती, पावती दाखवली. तरी सुरुवात केलीच, आणि बरोबर केलं. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही, तिथे अंदाजानं चालायचं नसतं.

इथे सगळ्यांनी लक्ष द्यावं. डॉक्टर म्हणाले, मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावलेलं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस जिवंत, ठणठणीत राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. म्हणजे ज्या मांजरानं ओरखडलं, त्यालाच पोत्यात घालून बोरीपार सोडणं हा सगळ्यांत उलटा उपाय. मग बघणार कुणाला? जिजींनाही हे पटलं. पहिल्यांदाच.

आणि चावा असेल तर तो दिसायला लहान म्हणून सोडू नये. मांजराचे सुळे दाभणासारखे बारीक असतात. वर टोचल्याएवढं भोक, ते लगेच मिटतं, आणि आत खोलवर गेलेले जंतू तिथेच राहतात. दुसऱ्या दिवशी हात सुजतो. बोटाच्या, मनगटाच्या सांध्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पुढचे दिवस मी नातवाला गिरणीत माझ्याजवळ बसवलं. मोटर बंद असताना, दादर निवडायला. अडीच वर्षांच्या पोराला ‘मांजराला त्रास देऊ नको’ म्हणून काही कळत नाही. काय करायचं नाही ते सांगून उपयोग नसतो, काय करायचं ते हातात द्यावं लागतं. मी त्याच्या पुढ्यात सूप ठेवलं, मूठभर ज्वारी टाकली. तो खडे सोडून ज्वारीच फेकत बसला, पण बसला. चिमी कोठीवरून बघत होती. मग उतरली, सुपाला वळसा घालून गेली, परत आली. त्यानं हात पुढे केला तसा मी धरला. ‘तिले यऊ दे भाऊ, तू नको जाऊ.’ असं बऱ्याचदा झालं. मग एकदा चिमी स्वतः आली आणि त्याच्या मुठीचा वास घेतला. मी त्याची मूठ तशीच मिटून धरली होती, एक बोट पुढे. तिनं त्या बोटाला गाल घासला. मग मी त्याचा तळवा उघडून डोक्यापासून मानेपर्यंत फिरवला, आणि तेवढ्यावर थांबवलं. पोट, शेपटी, पाय नाही. तो एवढा हरखला की किंचाळायचंही विसरला.

डोळ्यांचीही एक गोष्ट आहे. लहान पोर मांजराकडे टक लावून बघतं. मांजरांत टक लावणं म्हणजे ये भांडायला. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की माणसानं मांजराकडे बघत पापण्या हळूहळू मिटल्या-उघडल्या की मांजरही तसंच डोळे बारीक करतं आणि जवळ यायला राजी होतं. म्हातारीशी मी हे कित्येक वर्षं करते, संशोधन व्हायच्या आधीपासून. नातवाला शिकवायला गेले तर तो दोन्ही डोळे गच्च मिटून तोंड वासतो. चिमीला तेही चाललं.

खेळायला त्याला काठीला चिंधी बांधून दिली, काठी त्याच्या हातभर लांब. हात आणि नखं यांत अंतर राहतं. सुतळी मात्र देऊ नये, आमच्या गिरणीत पोत्यांची सुतळी चिकार पडलेली असते. मांजर ती गिळतं आणि आतडी गुंततात, ऑपरेशनवर जातं.

भुऱ्याचं मात्र कशानंच जमलं नाही, आणि जमायला हवं असंही नाही. तो रात्री सगळे झोपल्यावर यायचा, खायचा, फिरायचा, पहाटे धाब्यावर. मधेच आमच्या गावच्या संत सखाराम महाराजांची यात्रा आली. बोरीच्या पात्रातल्या बाजारातून नातवानं पिपाणी आणली. अमळनेरच्या घरोघरी त्या दिवसांत पिपाण्यांचं काय चालतं ते अमळनेरकरांना सांगायला नको. त्या रात्री भुऱ्यानं जावईबापूंच्या चाकांच्या बॅगेवर धार मारली. बोका घाबरला किंवा आपली हद्द गेली असं त्याला वाटलं की हे करतो, मुद्दाम कुणाला त्रास म्हणून नाही. खच्ची केलेला बोका हे कमी करतो. पाऊस पडला की त्याचं ते काम करून घेणार आहे. बॅग मी धुतली. वास गेला असं जावईबापूंना सांगितलं आहे.

आणखी एक, खाण्याचं. पाहुणे असताना मांजर दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर ‘रुसलंय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये, जनावरांच्या डॉक्टरला दाखवावं. मांजराला, विशेषतः लठ्ठ मांजराला, उपास सोसत नाही, यकृतावर जातो. आणि मनवायला म्हणून वाटीभर दूधही देऊ नये. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, मग पोराच्या डायपरबरोबर तेही निस्तरा. घरासमोर बांधकामाची वाळू पडली असेल तर तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवावी. मांजर तिथे शी करतं आणि पोरं तिथेच किल्ले करतात. जंत होतात.

आता मुद्द्याचं मागणं. तुमच्या पुरवणीत पुढच्या सुट्टीआधी परत असा मजकूर येईल, तेव्हा ‘दूर ठेवावे’च्या जागी एवढं लिहा : मांजराला वर चढायला जागा आणि दाराला फट ठेवा, पोराच्या मांडीवर मांजर उचलून ठेवू नका, आणि पाच वर्षांच्या आतलं पोर मांजराबरोबर असेल तिथे मोठं माणूस मोबाइल खिशात घालून बसू द्या. तीन ओळींत बसतं, जागेची अडचण नको.

दुसरं, २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास लसीकरणाची शिबिरं होतात. गेल्या वेळी आमच्याकडे लागलं त्याच्या फलकावर फक्त कुत्र्याचं चित्र होतं. मी म्हातारीला पिशवीत घालून नेलं तर रांगेतले लोक हसले, आणि रांगेत सगळी कुत्री असल्यामुळे ती पिशवीतून निघायला बघत होती. शेवटी खासगीत लस करून आणली. मांजराला तिसऱ्या महिन्यात पहिली आणि मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी, एवढंच असतं ते. मांजरांसाठी वेगळी वेळ ठेवा, सकाळची, कुत्र्यांच्या आधी. कापडी पिशवी किंवा झाकणाचं खोकं घेऊन या असं फलकावर लिहा. आमच्या गल्लीतच धान्याच्या दुकानांतून, गिरण्यांतून इतकी मांजरं निघतील की लसी पुरायच्या नाहीत. आणि हे शिबिर सप्टेंबरला एकदा आणि चैत्रात एकदा घेतलं तर आणखी बरं, कारण लेकरं आमच्याकडे येतात ती आखाजीला. पंचायत समितीपर्यंत आणि नगरपालिकेपर्यंत हे आपल्या पत्रातून पोचावं एवढ्यासाठी लिहिलं. मी अर्ज दिला आहेच, पोच घेतली आहे.

पत्र छापलंत तर आरोग्याच्या पानावर नको. ते पान आमच्या घरी मी एकटीच वाचते. क्रिकेटच्या शेजारी जागा असेल तर बघा.

आपली नम्र वाचक,
एक गिरणीवाली, अमळनेर (जि. जळगाव)